मिठाची बाटली

आषाढ निम्मा सरला. जांबोटीत भिंतीसुद्धा पाणी पितात.
काडेपेटी चुलीच्या कडेला ठेवली तर पेटते,
नाहीतर गुलाचा नुसता चिखल.
अशा दिवसांत माझ्याकडे एकशे ऐंशी कोंबड्या
आणि सहा पोती खाद्य.

खानापूरहून पोती येतात दुपारच्या टेम्पोनं.
वर कानडीत छापलेलं : कोळी आहार.
लुमाण्णा पहिल्यांदा हसला होता,
कोळ्याचं खाणं कोंबड्यांना घालतीस काय गे?
शेजारच्या मल्लव्वानं समजावलं,
कोळी म्हणजे कोंबडी, शहाण्या.
मी शिवण उसवली तर आत
कोळ्यानंच विणल्यागत
दाण्यादाण्यातून पांढरे धागे.
दोन्ही भाषा खऱ्या निघाल्या त्या दिवशी.

तेव्हा मी ते चाळून घातलं.
वास तेवढा यायचा, पेटीतल्या जुन्या घोंगडीचा.
तुरे फिके पडले. अंडी बोटाखाली चिरायला लागली.
चौतीस गेल्या.
पस्तिसावी डॉक्टरांनी कापून दाखवली,
काळीज हळदीच्या फडक्यासारखं.
म्हणाले, बुरशी चाळून जाते बाई,
तिचं विष जात नाही.

म्हणून ही बाटली.
तव्यावर भाजून निवलेलं मूठभर मीठ,
वर मूठभर मका, झाकण घट्ट.
हलवायची. ठेवायची. पाव तास.
मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात पाणी आहे.
हातावर विश्वास नाही माझा,
आषाढात हातच दमट असतो.

आता पोती भिंतीपासून वीतभर लांब,
खाली विटा, विटांवर फणसाच्या फळ्या.
कोपऱ्यात घमेल्यात कळीचा चुना,
फुगून पीठ झाला की बदलायचा.
प्लास्टिक पांघरायचं नाही, पोत्याला घाम येतो.
जुनं पुढं, नवं मागं,
आणि घमेल्यात उरलेलं परत पोत्यात कधीच नाही,
हे लुमाण्णाला अजून सांगावं लागतं.

काल तिसऱ्या पोत्याचं मीठ चिकटलं.
काचेवर धुकं, पलीकडचं माझं बोट दिसेना.
वर छपराचा एक खिळा गळत होता, एवढाच.
लुमाण्णानं हिशोब केला, दोन हजाराला शंभर कमी.
नव्यात थोडं थोडं मिसळू की, म्हणाला,
त्यांना काय कळतंय?
मी म्हटलं, त्यांना कळत नाही म्हणून तर.

मल्लव्वा दारात उभी, हातात रिकामी बादली.
माझ्या म्हशीला दे की,
ती काय कोंबडी आहे होय एवढ्यानं मरायला?
दुधात उतरतं ते, मल्लव्वा.
नात पिती तुझी.
ती कानडीत काहीतरी बोलली, भराभर,
मला सगळं कळू नये म्हणून,
आणि बादली वाजवत गेली.

खड्डा मी एकटीनं खणला.
खणताखणता भरत होता.
पोतं उपडं केलं तशी पिवळी साय वर आली,
जाळीमागून कोंबड्या ओरडायला लागल्या,
ही कुणाला घालते एवढं सगळं?
चुना टाकला. माती ओढली.
रात्री लुमाण्णा काही बोलला नाही,
पण छपरावर चढून
खिळ्यावर डांबर लावून आला.

आज सकाळी कडी वाजली.
मल्लव्वा. पदराखाली लोणच्याची बरणी,
झाकण भलत्याच डब्याचं,
आत मीठ आणि तिच्या म्हशीची सरकी.
मीठ भाजलंस?
भाजलं.
मग हलव.
नोडु, म्हणाली, तूच हलव, मला जमत नाही.

आता उंबऱ्यावर दोघी,
मधे बरणी.
बाहेर तसंच धो धो, आत कोंबड्यांचा घुरघुराट.
तिनं चष्मा पुसला, मी माझा.
सरकीला ही खूण चालते का, मलाही नक्की ठाऊक नाही,
ते तिला अजून सांगितलेलं नाही.
पाव तास व्हायचाय.